हनीफचाचांनी न दिलेला कागद

"पासपोर्ट हाय?"

कामावर ठेवायच्या आधी हनीफचाचा एवढंच विचारत. शिक्षण किती, शिडीवर चढता येतं का, शॉकची भीती वाटते का, यातलं काही नाही. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, जीवना बंदरच्या कोळीवाड्यातली मुलगी. केबलिंगचं काम शिकायचंय म्हणून त्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिले, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. मी नाही म्हटलं. काढायचा विचार आहे का, म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, मी अजून मुंबई नीट बघितली नाही." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. "मग उद्या ये. बूट घालून ये, स्लीपर न्हाय."

चाचा आता श्रीवर्धनात राहत नाहीत. दुकान विकून ते आणि सकिनाचाची मुंब्र्याला चाचांच्या बहिणीच्या शेजारी राहायला गेले. दुकानात आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. मी मात्र अजून तेच काम करते. सुपारीच्या वाड्यांमधल्या होमस्टेंना वायफाय, शाळांना कॅमेरे, बँकेत नवीन टेबलं आली की त्यांच्या वायरी. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठे शिकलात मॅडम? मी चाचांचं नाव सांगते, आणि सांगताना दर वेळी पोटात थोडी आग होते. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. राग तरी सरळ धरता आला असता.

चाचा उंच, काटकुळे. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. छताच्या पोकळीत आम्ही शिरलो की बाहेर पडताना पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. चाचा त्याच पोकळीतून उतरायचे आणि शर्टाला फक्त एक सुरकुती. कसं जमतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तुमी छतात लोळता, मी काम करतो." बरोबर स्टीलचा थर्मास, त्यात सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा काळा चहा. वायरीच्या दोन्ही टोकांना लावलेल्या टेस्टरचे सगळे दिवे हिरवे लागेपर्यंत त्यातला घोट कुणाला मिळत नसे. त्यांना स्वतःलासुद्धा नाही. एकदा आगरदांड्याच्या बाजूला एका ऑफिसात दुपार झाली तरी एक दिवा लागेना. चाचा चिडून पांढरे पडले होते, पण थर्मासला हात लावला नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक टेबलापासून एक वायर भिंतीतून, छतातून निघते आणि एका लोखंडी कपाटात येऊन संपते. त्या कपाटाला रॅक म्हणतात. वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या, आणि त्या ठरलेल्या क्रमानेच बसवाव्या लागतात. चाचांनी तो क्रम आम्हाला मदरशात सबक देतात तसा दिला. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर आम्ही ओळीने बसायचो आणि मोठ्याने म्हणायचो, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा. म्हणता म्हणता पोरं सवयीने पुढेमागे झुलायला लागायची आणि त्यांच्याबरोबर मीही. रस्त्याने जाणारे माझे मामा एकदा थबकले आणि घरी जाऊन आईला म्हणाले, तुझी पोरगी बिघडली की सुधारली तेच समजत नाही.

क्रम पाठ झाल्यावर वायरीच्या टोकाला पहिला जॅक बसवायचा. तो कसाही बसला तरी चाचा न बघताच पक्कडीने कापून टाकायचे. दुसराही तसाच. तिसरा उलटसुलट करून बघायचे आणि मग कापायचे. माझा एक जॅक त्यांनी एकदाचा ठेवला, तेव्हा बाजूला बसलेला अझीम हळूच म्हणाला, "मला यापेक्षा जास्त दिवस लागले होते." अझीम म्हणजे चाचांचा एकुलता मुलगा.

चाचांची जीभ वाईट होती. एका होमस्टेवाल्याने वाडीतून जाणाऱ्या वायरीचा मोकळा झोल दिसायला बरा नाही म्हणून स्वतः कापून ताठ करून घेतला. सुपारीची झाडं वाऱ्याला डुलतात, म्हणून तो झोल चाचांनी मुद्दाम सोडलेला. वारा आला, वायर तुटली, पाहुणे ओरडायला लागले, मालकाचा फोन. चाचा गेले, वर बघितलं आणि म्हणाले, "शेठ, तुमी झाडाला सांगा हलू नको. तुमच्या वाडीतलं झाड हाय, तुमचं ऐकंल." मग जोडून दिली, पण त्या मालकाने पुन्हा कधी बोलावलं नाही. अशी गिऱ्हाइकं त्यांनी बरीच घालवली. अझीम नंतर एकेकाकडे जाऊन समजूत काढायचा. अझीम बोलायला मऊ, आणि हाताला बापापेक्षाही चांगला. रॅकमध्ये तो वायरी अशा बसवायचा की बँकेचा मॅनेजर गिऱ्हाइकांना दार उघडून दाखवायचा. चाचांनी ते कधी तोंडावर कबूल केलं नाही. मात्र कठीण काम आलं की वर शिडीवर कोणाला चढवायचं, हे त्यांना विचारावं लागत नसे.

त्यांची अर्धी उमर आखातात गेली होती. तिकडच्या गोष्टी सांगायला बसले की माणूस बदलायचा. मजल्यांवर मजले, एका खोलीत हजारो वायरी, सगळ्या एका रेषेत, त्या खोलीतला गारवा, पायाखालची उचलून काढता येणारी फरशी. सांगताना हात हवेत चालायचे. अझीम हातातलं काम थांबवून ऐकायचा. मला तेव्हाच दिसत होतं की हे बरं नाही, पण ते बापाला दिसत नव्हतं.

त्यातली एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्यासमोर एकदाच सांगितली. तिकडच्या एका विमानतळाच्या नव्या इमारतीत वायरी ओढायचं काम चालू असताना इकडे त्यांचे अब्बा गेले. तिकडचा मालक, ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो कफील, पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवायचा. सगळ्यांचेच ठेवायचा, "सुरक्षित राहतो" म्हणून. चाचांनी हातापाया पडून मागितला. काम संपल्यावर देतो, म्हणाला. "इमान माझ्या डोक्यावरून उडायचं, बाय," चाचा म्हणाले. "मी त्याच इमानतळाची वायर ओढत व्हतो, आणि मला उडता येईना." अब्बांची मय्यत दुसऱ्यांनी उचलली. परत आल्यावर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. आपल्या घरातला कोणी पुन्हा तिकडे जाणार नाही. आणि मोहल्ल्यातल्या पोरांना असं काम शिकवायचं, की त्यांना जायची गरजच पडणार नाही.

पहिला विद्यार्थी सोहेल. चाचांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं, आणि शिकून झाल्यावर हौसेने छापून घेतलेल्या लेटरहेडवर अनुभवाचा कागद दिला, खाली सही, शिक्का. तो कागद घेऊन सोहेल सरळ एजंटकडे गेला आणि तिथून विमानात बसला. नंतरचे दोघेही तसेच गेले. चाचांच्या ध्यानात आलं की आपण इथे माणसं थांबवायला बसलोय आणि आपल्याच शिक्क्याने ती बाहेर चाललीत. त्या दिवसापासून कागद बंद. आणि त्याच दिवसापासून तो प्रश्न सुरू झाला, पासपोर्ट हाय?

असेल तर आणून द्यायचा. चाचांच्या घरातल्या लोखंडी कपाटात तो राहायचा. पोरं कुरकुरायची, पण त्यांच्या आयाच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पासपोर्ट चाचांकडे पोहोचवायच्या. ज्यांचे नवरे वर्षानुवर्षं बाहेर, त्या बायकांना हा माणूस देवासारखा वाटायचा. मी एकदा म्हटलं, "चाचा, दुसऱ्याचा पासपोर्ट असा ठेवून घेता येत नाही. कायद्यात बसत नाही." ते म्हणाले, "ठेवून घेत न्हाय, सांभाळतो. माझ्या कपाटात सुरक्षित राहतो." आपण कोणाचे शब्द बोलतोय ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. मला आलं होतं, पण शिकणारी बाई किती बोलणार.

आता माझ्या आगीचं सांगते. दिघी बंदराच्या बाजूला एका कंपनीत केबलिंगची नोकरी निघाली. कायमची, सुट्टीची, फंडाची. मुलाखतीत त्यांनी वायर हातात दिली, मी सगळं करून दाखवलं. साहेब खूश. म्हणाले, अनुभवाचा कागद तेवढा आणा. मी उड्या मारत दुकानात आले. चाचा जॅक ठोकत होते.

"न्हाय देणार," ते म्हणाले.

"चाचा, दिघी आहे. दुबई नाही. इथून बस जाते."

"म्हाईत हाय."

"माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. तुम्हीच विचारलं होतं."

त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "तुला दिला तर उद्या अझीम मागंल. त्याला काय सांगू? बाईला दिला, पोराला न्हाय?" मी तिथेच रडले, रागाने रडले. ते उठले, थर्मासमधला सुलेमानी ओतून माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी कुठलाच दिवा हिरवा लागला नव्हता. मी तो प्यायले नाही. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

मी तरीही त्यांच्याकडे काम करत राहिले, कारण आमच्या भागात बाईला शिडीवर चढू देणारा दुसरा कोणी नव्हता. हेही मला त्यांचं माफ करता येत नाही.

अझीमने मागितलं ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. सोहेल आता तिकडे सुपरवायझर होता आणि साइटवरून व्हिडिओ पाठवायचा. चाचांच्या गोष्टींतल्याच त्या खोल्या, आता फोनमध्ये हलताना दिसायच्या. अझीम मला दाखवायचा. "बघ, एका रॅकला किती. आणि मी इथं काय करतो, पाहुण्यांना पिक्चर अडकू नये म्हणून वायर ओढतो. अब्बांनी जे बघितलं ते मला एकदा हातानं करायचंय, बस." त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं मला काहीच सापडलं नाही.

दुपारची वेळ. दुकानात आम्ही तिघेच.

"अब्बा, माझा पासपोर्ट द्या."

"कशाला?"

"माझा हाय म्हणून."

चाचांनी हातातली वायर सोलणं थांबवलं नाही. "कपाटात हाय. सुरक्षित हाय."

अझीम आवाज न चढवता म्हणाला, "तुमचा कफील पण हेच सांगायचा ना?"

चाचांनी हातातली वायर खाली ठेवली. मग उठले, चपला घातल्या, घरी गेले आणि साखरेच्या पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन परत आले. पिशवी टेबलावर उपडी केली. त्यातला एक उचलून अझीमसमोर सरकवला. "हा सरकारनं दिलेला, तो तुझा. बाकीच्यांचे वाटून टाक." अझीमचे डोळे भरले होते. त्याला वाटलं सुटलो. मलाही तसंच वाटलं.

"पण कागद माझा हाय," चाचा म्हणाले. "तो मी देणार न्हाय."

त्यांचा हिशोब सरळ होता. कागदाशिवाय कुठलीच कंपनी टेक्निशियन म्हणून घेत नाही. म्हणजे पासपोर्ट असला तरी पोरगा घरातच. आपण बापही राहिलो आणि कफीलही झालो नाही, असं त्यांना वाटलं असावं. पुढचे काही दिवस ते चक्क आनंदात होते. अझीमच्या पाठीवर हात ठेवून बोलायचे. दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली त्याचं नाव रंगवून घ्यायचं म्हणून पेंटरला बोलावून आले.

पाटी रंगून व्हायच्या आत अझीम गेला. एजंटला कागद लागला नाही, कारण त्याने कागद लागणार नाही अशा जागेवर त्याला चढवलं होतं.

तो कुठल्या जागेवर गेलाय हे घरी कोणाला कळलं नव्हतं. तिकडे पोहोचल्यावर अझीमने साइटवरचा फोटो पाठवला. सकिनाचाचीने शिरा केला आणि फोन घेऊन अख्ख्या मोहल्ल्यात फिरली. मग आमच्या दुकानात आली. "बघ गं वैशाली, माझा पोरगा किती रुबाबदार दिसतोय. टोपी बघ कशी घातलीय." मी बघितला, छान दिसतोय म्हटलं. चाचांनी फोन हातात घेतला आणि बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा नाही, हेल्मेट मोठं केलं. पिवळं होतं.

तिकडे हेल्मेटच्या रंगावरून माणूस कळतो, हे चाचांनीच आम्हाला कधीतरी सांगितलेलं. इंजिनीअरचं वेगळं, टेक्निशियनचं वेगळं. पिवळं हेल्परचं. हेल्परने पाइप उचलायचे, वायर गुंडाळलेले लाकडी ड्रम ढकलायचे, खालची घाण काढायची. वायरीच्या टोकाला हात लावायचा नाही.

"कसा दिसतोय?" चाचीने विचारलं.

"चांगला," चाचा म्हणाले आणि तिच्या हातातला शिरा घेऊन खाल्ला. सगळा खाल्ला, वाटी पुसून. चाची गेल्यावर मागच्या बाजूला जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. जुनं लेटरहेड शोधून काढलं, कडा पिवळ्या पडलेल्या. "लिही," म्हणाले. अझीमला काय काय येतं ते ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत टाइप करत गेले. इतकं कौतुक त्यांनी त्याचं जन्मात केलं नव्हतं. त्यांनी सही केली, शिक्का दोनदा मारला, एक पुसट उठला म्हणून. फोटो काढून पाठवला. अझीमचा निरोप आला, अब्बा, व्हिसावर हेल्पर लिहिलंय, आता करार संपेपर्यंत बदलत नाही. मी ठीक आहे, काळजी करू नका.

तो कागद मी माझ्या हाताने टाइप केला. तसाच दुसरा माझ्यासाठी काढायला फक्त नाव बदलायचं होतं. मी मागितला नाही, आणि त्यांना सुचलं नाही.

त्यानंतर नवीन पोरं यायची, पण चाचा काही विचारायचे नाहीत आणि शिकवायचेही नाहीत. बाकड्यावर कोणी बसेना. चाची म्हणायची, रात्री झोपत नाहीत, पोराची शिफ्ट कधी सुटते ते बघत बसतात. दुकान विकायचं ठरलं तेव्हा आमच्या हातात शेवटचं एक काम राहिलं होतं, जेट्टीवरच्या तिकीट खिडकीचा कॅमेरा. फेरीबोट लागलेली, गाड्या चढत होत्या. चाचा शिडीच्या खालच्या पायरीवर उभे होते, मी वर. तेवढ्यात अझीमचा व्हिडिओ कॉल आला. जेवणाची सुट्टी होती. पाठीमागे रॅकची लांबच लांब रांग. चाचांनी तब्येत विचारली, जेवलास का विचारलं. रांगेबद्दल काही विचारलं नाही.

तेवढ्यात तिकडून कोणीतरी हाक मारली, "ए हेल्पर, चल, ड्रम कोण फिरवणार?"

आवाज सोहेलचा होता. मी शिडीवरून ओळखला, चाचांनी ओळखला नसेल असं होणार नाही. अझीम "आलो" म्हणाला आणि घाईत फोन तसाच खिशात टाकला. कॉल चालूच राहिला. चाचांच्या हातातला पडदा काळा झाला. आतून लाकडी ड्रम गरगरल्याचा आवाज, बुटांचे आवाज, मधूनच सोहेलचं ओरडणं. मी म्हटलं, चाचा, ठेवा आता. त्यांनी ठेवला नाही. फोन तोंडाशी धरला आणि हळू आवाजात, समोर उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं बोलायला लागले.

"सोहेल, त्याला वायर धरायला दे बाबा. त्याचा हात चांगला हाय. त्याला सगळं येतं, सोहेल. मीच शिकवलंय त्याला."

फोन अझीमच्या खिशात होता.